आरसी ३९० वर स्टीअरिंग डॅम्पर: लावून, काढून आणि पुन्हा लावून पाहिल्यावर

वस्तू: कोणत्याही गाडीला बसेल असा म्हणून विकला जाणारा स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची अचानक थरथर दाबायला फ्रेम आणि फोर्कच्या मध्ये लावायची तेलाची नळी. सोनेरी रंगाची अ‍ॅल्युमिनियमची नळी, आरपार जाणारा स्टीलचा रॉड, ७५ मिमी स्ट्रोक (रॉड एकूण सरकतो ते अंतर), एका टोकाला कडक-नरम करायची चकती. नाना पेठेत २,८०० रुपयांना मिळाला. खोक्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, आत माहितीचा कागद नाही. गाडी: माझ्या भाच्याची पहिल्या पिढीची केटीएम आरसी ३९०. रस्ते: सातारा रस्ता, पिरंगुटवरून टेमघर-लवासाकडे जाणारा घाट, आणि आपलं रोजचं कोथरूड ते पेठा.

मी चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात काम करते. या ३९० गाड्या बनतात तो बजाजचा कारखानाही चाकणलाच. माझी स्वतःची ड्यूक ३९० आहे आणि ती डॅम्परशिवायच चालते. त्यामुळे भाच्याचा फोन आला तेव्हा मला आधी गाडी बघायची होती.

तो साताऱ्याहून येत होता. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर उतार आणि मोकळा रस्ता लागतो. तिथे ऐंशीवरून थ्रॉटल सोडला आणि साठ-पासष्टला आल्यावर हँडल भरभर डावी-उजवीकडे हलायला लागलं. "मावशी, गाडी वॉबल होतीये. डॅम्पर टाकू का? ग्रुपमधले सगळे म्हणतायत टाक." मी म्हटलं, "तू ती गाडी जास्त पळवू नकोस, रविवारी घेऊन ये. आणि मागे बॅग होती का?" होती. सीटच्या मागच्या टोकाला बांधलेली, बुटांसकट चांगली जड.

हँडल असं का हलतं हे समजल्याशिवाय डॅम्परबद्दल बोलण्यात अर्थ नाही. सुपरमार्केटमधली ट्रॉली जरा जोरात ढकलली की तिचं पुढचं एखादं चाक फडफडायला लागतं, ते बघितलं असेल. मोटरसायकलचं पुढचं चाकही तसंच आपल्या वळायच्या अक्षाच्या थोडं मागे ओढलं जात असतं. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेलमुळेच चाक आपोआप सरळ होतं. पण सरळ होताना ते थोडं पलीकडे जातं, तिथून परत येतं, पुन्हा अलीकडे जातं. निरोगी गाडीत हा झोका टायर आणि आपले हात लगेच जिरवून टाकतात. कुठे ढिलाई असली की तो जिरत नाही, उलट वाढू शकतो. सेकंदाला साधारण सहा ते नऊ वेळा होणारी हँडलची ही थरथर म्हणजे वॉबल. ती इतकी वाढली की हँडल दोन्ही बाजूंच्या टोकांना आपटायला लागलं, तर टँक स्लॅपर. याहून वेगळा प्रकार म्हणजे वीव्ह: सेकंदाला दोन-चार झोके, सगळी गाडीच नागमोडी डुलते, आणि ते सहसा जास्त वेगात होतं. इंग्लंडमधले संशोधक रॉबिन शार्प यांनी १९७१ साली गणिताने या दोन्हींचा हिशोब मांडला. त्यातली एक गोष्ट डॅम्पर घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: हँडलवर डॅम्पर लावला की वॉबल दबतो, पण वीव्ह वाढू शकतो. म्हणजे 'जितका कडक तितका सुरक्षित' हे मुळातच चुकीचं आहे.

गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी पुढचं चाक हवेत घेतलं, खाली बसून दोन्ही फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) खालच्या टोकाला धरले आणि पुढे-मागे हलवले. टक्. पुन्हा हलवले, पुन्हा टक्. मला म्हणाले, "ताई, बोट ठेवा इथं." हँडलच्या खाली, फ्रेम आणि खालचा ट्री (दोन्ही फोर्क जोडणारी पट्टी) यांच्या सांध्यावर बोट ठेवलं तर ती टक् बोटाला लागत होती. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंग, ढिला. मग हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवलं, तर बरोबर मध्यावर अगदी हलकं अडकत होतं. वर्षानुवर्षं खड्ड्यांचे धक्के खाऊन बेअरिंगच्या कड्यात गोळ्यांचे ठसे उमटतात, त्यात गोळ्या बसतात. पुढच्या टायरवरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट दिशेने फिरवला तर ठोकळ्यांच्या कडा हाताला लागतात. हवा किती होती? २२ पीएसआय. पुस्तिकेत २९ दिलेली आहे.

चारही कारणं समोर होती: कोन सेट, वेडावाकडा झिजलेला टायर, कमी हवा, आणि मागच्या चाकाच्याही मागे लोंबणारं वजन. मागे असं वजन टाकलं की पुढचं चाक हलकं होतं.

काका म्हणाले, "काम करून टाकू, डॅम्परचं नंतर बघा." पण मला एक बघायचंच होतं. लोक आजारी गाडीवर डॅम्पर लावतात आणि 'फरक पडला' असं सांगतात. तो फरक नेमका काय असतो? म्हणून काकांना विनंती केली की दुरुस्तीच्या आधी एकदा डॅम्पर लावून बघू. पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, बॅग काढून, हवा बरोबर भरून आणि मी स्वतः चालवणार. हे कुणी घरी करू नये. माझ्याकडे बघून तर नाहीच.

लावण्याआधी डॅम्पर कंपनीत नेला, व्हाइसमध्ये धरला आणि रॉडला डायल गेज (अगदी बारीक सरकणं मोजणारं घड्याळ) लावला. हा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण दुकानात उभं राहून तुम्हालाही हाताने एवढं तपासता येईल. आत तेल आणि एक पिस्टन असतो. पिस्टन सरकला की तेलाला बारीक वाटेने पलीकडे जावं लागतं. चकती फिरवली की ती वाट लहान-मोठी होते. हळू ढकललं तर तेल आरामात जातं, झटका दिला तर अडतं. हेच या वस्तूचं खरं काम: हळू वळताना मोकळं सोडायचं, झटक्याला धरायचं. पण आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर दिशा बदलताना पिस्टन आधी बुडबुडा दाबतो, मग तेलाला भिडतो. तेवढ्या अंतरात डॅम्पर असून नसल्यासारखा.

या नगात ते अंतर १.४ मिमी निघालं. काही हवेमुळे, काही टोकाच्या गोल सांध्यातल्या खेळामुळे. १.४ मिमी म्हणजे काय एवढं? हिशोब करा. डॅम्परचा क्लॅम्प हँडल फिरण्याच्या अक्षापासून ६० मिमीवर बसतो असं धरलं, तर हँडल एक अंश फिरलं की रॉड साधारण एक मिमी सरकतो. म्हणजे हँडल सव्वा अंशाहून जास्त हलेपर्यंत या डॅम्परला काही कळतच नाही. आणि वॉबल सुरू होतो तो एवढ्याशाच हालचालीतून. ज्या क्षणी त्याने धरायला हवं, त्या क्षणी तो झोपलेला. चांगल्या डॅम्परचा रॉड बोटांत धरून अगदी किंचित पुढे-मागे केला तरी पहिल्याच हालचालीला अडवतो. याच्यात मध्ये एक पोकळ, मोकळी जागा हाताला सरळ लागते. हवा काढायला स्क्रू दिलेला नाही, त्यामुळे दुरुस्तही करता येत नाही.

बसवताना दोन गोष्टींवर काकांनी वेळ घालवला आणि तो योग्यच होता. पहिली: हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवल्यावर गाडीचा मूळ स्टॉप (हँडल अडवणारा ठोकळा) आधी लागला पाहिजे, डॅम्परचा रॉड आधी संपता कामा नये. नाहीतर बोळात यू-टर्न घेताना सगळं वजन त्या रॉडवर येतं, तो वाकतो, किंवा अर्ध्या वळणावरच हँडल अडतं. काकांनी क्लॅम्प तीनदा सरकवला. दुसरी: उलट्या फोर्कच्या (ज्यात जाड नळी वर असते) बाहेरच्या नळीवर क्लॅम्प आवळताना जोर लावायचा नाही. नळी किंचित जरी दबली तरी आतला भाग अडखळत सरकतो, आणि मग हँडल शांत करण्याच्या नादात शॉकअप बिघडतो. ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठे चेपत नाही ना, हेही बघावं लागतं.

आता रस्ता. नवले पुलावरून कात्रजच्या बोगद्यातून खेड-शिवापूर, पुढे शिरवळपर्यंत. मला ऐंशीच्या वर जायची गरजच नव्हती, कारण हा वॉबल ऐंशीच्या खाली उतरतानाच येत होता. डॅम्पर पूर्ण मोकळा ठेवून थ्रॉटल सोडला, हात ग्रिपवर फक्त टेकवलेले: पासष्टला हँडल हलायला लागलं, बॅग नसल्यामुळे भाच्याने सांगितलं होतं त्याहून कमी, पण स्पष्ट. चकती निम्म्यावर आणली: झोका गेला, बारीक थरथर उरली. ती थरथर म्हणजे तीच १.४ मिमी. अजून कडक केल्यावर थरथरही जवळपास कळेनाशी झाली.

म्हणजे फरक पडला. खरोखर पडला. मग शिरवळला थांबण्याआधी मी पुढचा ब्रेक जरा दाबून धरला आणि हँडलमध्ये ती टक् आली. तशीच, तेवढीच. कोन सेट ढिलाच होता, कड्यातले ठसे तिथेच होते, टायर तसाच कुरतडलेला होता. बंद झालं होतं ते फक्त हँडलचं सांगणं. भाच्याने या अवस्थेत गाडी घेतली असती तर 'प्रॉब्लेम सॉल्व्ह' म्हणून पुढचे कित्येक महिने चालवली असती, बेअरिंग आणखी खात राहिलं असतं, आणि एक दिवस भर वेगात खड्डा आला असता. मला या वस्तूची भीती वाटते ती इथे. ती वाईट आहे म्हणून नव्हे, ती अर्धवट चालते म्हणून.

परत आल्यावर डॅम्पर काढला आणि काम करून घेतलं. मूळ कंपनीचा कोन सेट, पुढे नवीन टायर, दोन्ही चाकांचं बॅलन्सिंग, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि चाकांच्या बेअरिंगची तपासणी (ती ठीक होती). कोन सेटचा नट आवळताना काकांनी दाखवलेली गोष्ट अनेक गॅरेजमध्ये होत नाही: चाक हवेत असताना हँडल मधून किंचित ढकललं की स्वतःच्या वजनाने अलगद टोकाला गेलं पाहिजे. ढिला राहिला तर टक्, आणि जास्त आवळला तर हँडल आपोआप सरळ होत नाही, गाडी हळू वेगात दारू प्यायल्यासारखी जाते. सव्वा-दीड तास लागला. नवीन टायर धरूनही सगळं बिल एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या डॅम्परपेक्षा कितीतरी कमी आलं.

त्याच रस्त्यावर, डॅम्परशिवाय, आता बॅगसुद्धा बांधून. पण सीटच्या मध्यावर पुढे सरकवून आणि निम्मं सामान टँक बॅगेत घालून. ऐंशीवरून सोडली, हात टेकवलेले. काही नाही. सारोळ्याला नीरेच्या पुलाच्या सांध्यांवर हँडल एकदा टचकन हलायचं आणि लगेच गप्प व्हायचं. निरोगी गाडी असंच करते.

मग पुन्हा डॅम्पर लावला, कारण प्रश्न अजून शिल्लक होता: चांगल्या गाडीला त्याचा उपयोग आहे का? हायवेवर मला काहीही फरक जाणवला नाही. टेमघरच्या वाटेवर जाणवला. मुठ्याच्या पुढे एका उजव्या वळणात, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडतो नेमक्या त्या जागी, डांबराचा एक उंचवटा आहे. तिथे पुढचं चाक हलकं होऊन पुन्हा टेकतं तेव्हा हँडलला झटका बसतो. डॅम्परने तो झटका बोथट केला, मनगटाला कमी लागला. आरसीचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १३४० मिमी, रेक (फोर्कचा तिरकेपणा) साडेतेवीस अंश, ताकद ४३ अश्वशक्तीच्या आसपास; चपळ वळण्यासाठी बनवलेली गाडी. पुढचं चाक हलकं करणारा रस्ता आणि थ्रॉटल एकत्र आले की अशा गाडीला डॅम्परची मदत होते, हे मी मान्य करते.

पण तीच गाडी घेऊन संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून अप्पा बळवंत चौकात या. रिक्षा, हातगाडी, मध्येच थांबलेली अ‍ॅक्टिव्हा. चालण्याच्या वेगात आपण तोल सांभाळतो तो हँडलच्या बारीक बारीक हालचालींनी. त्याच हालचाली डॅम्पर अडवतो. घाटातल्या सेटिंगवर गाडी पेठेत जड आणि उशिरा ऐकणारी वाटते, दर काही फुटांवर पाय टेकवावासा वाटतो. चकती मोकळी करायची तर ती क्लॅम्पच्या आड, हातमोजे काढल्याशिवाय पोचता येत नाही. सिग्नलला ते कोण करणार? भाच्याची गाडी महिन्यातले बहुतेक दिवस इथेच असते. कॉलेज, क्लास, घर.

होंडाने २००४ च्या सीबीआर१०००आरआरवर इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिला तो याच अडचणीवरचा उपाय होता: हळू असताना मोकळा, वेग आणि प्रवेग वाढला की आपोआप कडक. कावासाकीच्या झेडएक्स-१०आरवर आणि केटीएमच्या मोठ्या सुपर ड्यूकवर कंपनीकडूनच डॅम्पर येतो. सुझुकीची टीएल१०००एस १९९७ साली आली, हँडल आपटण्याच्या तक्रारी झाल्या आणि नंतर कंपनीने गाड्या बोलावून त्यांना डॅम्पर बसवून दिले. या हजार सीसीच्या आणि वरच्या इंजिनांच्या गाड्या. थ्रॉटलच्या जोरावर पुढचं चाक उचलतात, दोनशेच्या पुढे पळतात. आणि जुन्या बुलेटच्या हँडलमध्ये मधोमध ती फिरवायची काळी चाकी असायची ना? तोही डॅम्परच, घर्षणाचा. खराब रस्त्यासाठी आणि साइडकारसाठी उपयोगी. तो हळू-जोरात फरक करत नाही, सगळ्यालाच सारखा अडतो.

डॅम्पर किती टिकला तेही लिहायला हवं. पावसाळा लागेपर्यंत रॉडच्या सीलपाशी तेलाचा ओलसर पट्टा दिसायला लागला, त्यावर धूळ चिकटून काळा लेप बसला. ती धूळ सीलला आणखी खाते. रॉड आता पहिल्यापेक्षा नरम सरकतो आणि मधली मोकळी जागा वाढली आहे. दुकानदाराने स्वच्छ सांगितलं की सील सुटे मिळत नाहीत. ओहलिन्स, हायपरप्रो, बिटुबो यांसारख्यांचे डॅम्पर उघडून तेल आणि सील बदलता येतात, त्या पैशात तीही गोष्ट धरलेली असते.

तेव्हा हा विशिष्ट डॅम्पर घेऊ नका. कुणी फुकट दिला तरी लावू नका. आणि चांगल्या कंपनीचा घ्यायचा विचार असेल, तर आधी चाक हवेत घेऊन फोर्क हलवा, टायरवरून हात दोन्ही दिशांनी फिरवा, हवा मोजा, मागचं वजन पुढे घ्या. ड्यूक, आरसी, पल्सर, अपाची, आर१५, हिमालयन, पुण्यात रोज चालणाऱ्या यांतल्या एकाही गाडीला या चार गोष्टी नीट असताना साध्या रस्त्यावर डॅम्पर लागत नाही, असं मी ठामपणे सांगते. हँडल हललंच तर मुठी आवळू नका, पुढचा ब्रेक ओढू नका. गुडघ्यांनी टँक धरा, हात सैल सोडा, अंग जरा पुढे घ्या आणि थ्रॉटल हळूहळू कमी करा. आवळलेले हात झोक्यात भर घालतात.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध आहे. डॅम्परचं नाव घेऊन त्यात काही लिहिलेलं नाही, पण फ्रेमला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून काही बसवू नका, आणि बसवण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

भाच्याला पुढच्या हिवाळ्यात कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जायचंय. "तेव्हा तरी लावू ना, मावशी?" तेव्हा लाव, पण पहिलं सत्र डॅम्परशिवाय कर, तिथल्या प्रशिक्षकाला गाडी दाखव, आणि तो म्हणाला तर उघडून सर्व्हिस करता येईल असाच घे. सध्या कोन सेटच्या बिलाची पावती त्याच्या टँक बॅगेत आहे, पुढची तपासणी दिवाळीच्या आधी करायची असं तिच्यावर काकांनी पेनाने लिहून दिलंय.